‘ब्राइन’ म्हणजे मिठवणी

‘डोंगर घडताना जमिनीखालचे गरम ब्राइन चुनखडीचा डोलोमाइट करते’ या वाक्यात ब्राइनला ‘खारे पाणी’ म्हणावे का, असा प्रश्न आला आहे. (डोलोमाइट म्हणजे चुनखडीसारखाच, पण कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असलेला खडक.) मी म्हणणार नाही. खारे पाणी समुद्राचेही असते, आणि त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खोल खडकांतल्या या पाण्यात त्याच्या कित्येक पट असू शकतात. त्यासाठी स्वयंपाकघरातला नेमका शब्द आहे, मिठवणी. गुळवणी, चिंचवणी, तसे मिठवणी. शब्दाची रूपेही ‘पाणी’सारखीच : मिठवण्यात, मिठवण्याने.

मिठवण्यातली कैरी महिन्याभराने बरणीतून काढून बघा. घडण कैरीचीच, देठाची खूणही जागच्या जागी. पण साल सुरकुतलेली, अंग आक्रसलेले आणि चव पार बदललेली. चुनखडीचेही बरेचसे असेच होते. फरक एवढाच, की कैरीतले पाणी निघून जाते, तर खडकात अदलाबदल होते. मिठवण्यातले मॅग्नेशियम आत शिरते आणि चुनखडीतले निम्मे कॅल्शियम बाहेर पडते. बाकी काही आले-गेले नाही, तर खडकाचे घन आकारमान १२-१३ टक्क्यांनी घटते आणि त्यात बारीक पोकळ्या राहतात. थरांच्या रेघा मात्र पुष्कळदा तशाच दिसतात. ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पुरतो : चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट जेमतेम बुडबुडे सोडतो, ओरखडून भुकटी काढली की मग जोर धरतो.

यात उष्णता फार महत्त्वाची, कारण थंड पाण्यात हा बदल अतिशय रेंगाळतो. उत्तर स्पेनमधल्या कांताब्रियन पर्वतात व्हारिस्कन पर्वतनिर्मितीच्या (युरोपात डोंगररांगा उभ्या करणाऱ्या एका प्राचीन घडामोडीच्या) अखेरीस, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीचे कवच दुमडले, तडकले. त्या भेगांतून शंभर अंशांहून गरम मिठवणी कार्बनी या भूवैज्ञानिक काळातल्या चुनखडीत शिरले. तिथल्या डोलोमाइटात वाकलेल्या पृष्ठांचे, खोगिरासारखे स्फटिक सापडतात. अशा गरम मिठवण्याची ती ठळक खूण.

क्रियापदही तयार आहे : मुरणे. जमिनीत पाणी मुरते आणि बरणीत लोणचे मुरते, दोन्ही एकाच शब्दात. इथे मिठवणी खडकात मुरते आणि खडक मिठवण्यात मुरतो. परिभाषेत या बदलाला ‘डोलोमाइटीभवन’ लिहा, ‘बाष्पीभवना’च्या चालीवर. पण समजावून सांगताना मी तरी ‘चुनखडी गरम मिठवण्यात मुरली’ असेच लिहीन.