नोकरी सुटल्यावर विमा कसा टिकवायचा?
अरे, घाबरून आज रात्रीच कोब्राचा (नोकरी सुटल्यावरही कंपनीचा आरोग्य विमा चालू ठेवू देणाऱ्या अमेरिकी कायद्याचा) फॉर्म भरू नकोस. आधी एचआरला विचार, विमा शेवटच्या दिवशी संपतो की महिनाअखेरीला? अमेरिकेत 20 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून नोकरी सुटली, तर कोब्रा कायद्याने तोच विमा साधारण 18 महिने चालू ठेवता येतो. मात्र कंपनी भरायची तो वाटाही आता तुझ्याच खिशातून, वर 2 टक्के. आकडा बघून डोळे पांढरे होतात.

गंमत म्हणजे ठरवायला 60 दिवस मिळतात आणि घेतलास तर विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. मध्येच कुणाचा हात मोडला, तर तेव्हाही घेता येतो. फक्त मधल्या सगळ्या महिन्यांचे हप्ते भरायचे. पहिला भरणा होकार दिल्यापासून 45 दिवसांत. ती तारीख चुकली की गयावया करून उपयोग नाही.

दातांचा प्लॅन वेगळा असेल तर तेवढाच ठेवता येतो. रूट कॅनाल अर्धवट असेल तर ठेवच. बाकी आजारपणासाठी मार्केटप्लेसचे, म्हणजे स्वतः विमा विकत घ्यायच्या सरकारी बाजाराचे, दर बघ, तिथेही मुदत 60 दिवसांचीच. बायकोच्या ऑफिसच्या विम्यात नाव घालायचं असेल, तर मात्र बहुतेक ठिकाणी 30 दिवसच मिळतात, तेव्हा तो फोन पहिला कर.