आधी स्वतःचा खेळ बघायला शिक

फुटबॉलमध्ये रोनाल्डोसारखं पाय फाकवून फ्री-किकला उभं राहणं नंतर. आधी आपण नक्की काय करतो ते कळू दे. जर्मन फॉरवर्ड थॉमस म्युलरचा वेग बेताचा, ड्रिब्लिंग साधं. पण 2011 मध्ये त्याने स्वतःला 'राउमडॉयटर', म्हणजे मोकळ्या जागा हेरणारा, म्हटलं. 2010 आणि 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये त्याचे पाच-पाच गोल आहेत. इतकी अचूक स्व-ओळख फार थोड्यांना असते!

बालेवाडीला खेळ नाहीतर सोसायटीजवळच्या टर्फवर, पहिला महिना एवढंच कर:

- मित्राला मध्यरेषेपाशी, जमल्यास उंचावरून, मोबाइल आडवा धरून 20 मिनिटं शूट करायला सांग. कॅमेरा बॉलवर नको, तुझ्यावर. 90 मिनिटांत बॉल एका खेळाडूच्या पायाशी फार तर दोन-तीन मिनिटं असतो.
- व्हिडिओ बघण्याआधी अंदाज लिही: पास किती चुकले, बॉल येण्याआधी मागे वळून किती वेळा पाहिलं. मग मोज. तफावत दिसेल, घाबरू नकोस, तिथेच काम करायचंय.

नवखे फक्त गोलच्या क्लिप बघतात, किंवा हरल्यावर त्याच रात्री व्हिडिओ लावून स्वतःला झोडपतात. दुसऱ्या दिवशी बघ. हीटमॅप (मैदानात कुठे जास्त वावरलास त्याचा रंगीत नकाशा), जीपीएस वगैरे सध्या राहू दे.