सांगलीत जिल्हा परिषदेवर प्रशासक असताना रखडलेल्या कामांचा राग लोकांनी कुणावर काढला?

बहुतेक वेळा आमदारावर, आणि त्याच्याही आधी बिचाऱ्या सरपंचावर. मार्च 2022 ला जिल्हा परिषदेची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचे, म्हणजे मतदारसंघांच्या आखणीचे, वाद कोर्टात अडकले, निवडणुकांची वाट मोकळी करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून आला तो थेट मे 2025 मध्ये. मधल्या काळात सगळा कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, प्रशासक म्हणून. त्यांना ना मत मागायचं, ना पडायची भीती. गावाला जोडणारा ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा, प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामचा, हे चावडीवर कोण बघतंय? खड्डा तो खड्डा. कोनशिलेवर आमदारांचं नाव असतं, लग्नात-मयतीला तेच भेटतात, मग बोलणीही त्यांनाच बसतात. तासगाव-विटा पट्ट्यात मी हेच ऐकत आलोय. माझ्या मते हे निम्मंच अन्यायाचं आहे, कारण निवडणुका लांबल्या तेव्हा विधानसभेत बसलेले हेच होते, आणि सदस्य नसले की निधीवर वजन त्यांचंच वाढतं.

फक्त पाण्याचं गणित वेगळं. तिथे लोक मधल्या कुणाला न विचारता थेट राज्य सरकारला धरतात. 2022 च्या अखेरीस कर्नाटक सीमेलगतच्या जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांनी ‘पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जातो’ म्हटलं, आणि वर्षानुवर्षं बोलण्यातच असलेली, कृष्णेचं पाणी उपसून तिथे नेणारी विस्तारित म्हैसाळ योजना एकदम हलली.