घरचीच तंबाखू, पोराला अडवायचं कसं?

प्रश्न : आमची निपाणीजवळ तंबाखूची शेती आहे, मुलगा नववीत, परवा त्याच्या दप्तरात चुन्याची डबी सापडली. ओरडले तर म्हणतो, पप्पा पण खातात की! काय करू?

उत्तर : ताई, पोरगं बोललं ते खोटं नाही. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नव्हती, तुमच्या कर्नाटकात २०२५ पासून ती अट २१ वर्षांची झालीय, पण तुमच्याकडे विकत घ्यायचीय कोणाला, घरात पोतीच पडलेली. त्यात मोठी माणसं "जरा मळून दे रे" म्हणून पोरांनाच हाक मारतात, सुरुवात तिथंच होते, मित्रबित्र नंतर. ते आधी बंद करा, मिस्टरांनाही सांगा, आणि तुम्ही मिश्री लावत असाल तर तीपण तंबाखूच बरं का. ओल्या पानांच्या कामाला त्याला लावू नका, निकोटीन कातडीतूनपण आत जातं, मळमळतं, चक्कर येते. सोडायला मदत हवी तर सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट लागतो.