विमान ‘कोसळले’ की आणखी काही झाले?

सुरुवातीच्या लष्करी जेट विमानांच्या चाचण्यांत झालेल्या अपघातांवर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, ‘चाचणीदरम्यान विमान कोसळून वैमानिक ठार झाला’ हे वाक्य आपल्या लेखात वारंवार येते, तर सगळीकडे ‘कोसळले’ चालेल का, आणि ‘ठार झाला’ऐवजी ‘शहीद झाला’ म्हणावे का?

कोसळणे हे मुळात आधार सुटलेल्या वस्तूचे क्रियापद आहे. दरड कोसळते, भिंत कोसळते, भिजलेले छप्पर कोसळते. भाव आणि सरकारे कोसळतात तीही आधार गेल्यावरच. पाऊस किंवा वीज कोसळते तेव्हा जोराचा अर्थ पुढे येतो, पण वरून खाली येणे तिथेही आहेच. बुरूज हळूहळू ढासळतो, तसे कोसळण्यात नसते. ते एकाएकी होते.

या अर्थाने पाहिले तर अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीच्या पी-८० या लढाऊ जेट विमानाचे दोन अपघात ‘कोसळले’ या शब्दात चपखल बसतात. २० ऑक्टोबर १९४४ रोजी कॅलिफोर्नियातील बरबँक येथे चाचणी-वैमानिक मायलो बर्चम यांच्या विमानाचा इंधनपंप उड्डाणानंतर लगेच निकामी झाला, आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्याच ठिकाणी रिचर्ड बाँग यांच्या विमानाचाही पंपच बिघडला. महायुद्धात ४० विमाने पाडलेल्या बाँग यांनी विमानातून उडी घेतली, पण पॅराशूट उघडून सावरण्याइतकी उंचीच उरलेली नव्हती. इंजिनाचे बळ हाच ज्याचा आधार, ते विमान बळ संपताच खाली आले; ते कोसळलेच.

पण २० मार्च १९४५ रोजी टोनी लव्हिएर त्याच जातीच्या विमानाची चाचणी घेत असताना टर्बाइनची चकती फुटली आणि तिने विमानाचे शेपूटच कापून टाकले. लव्हिएर पॅराशूटने उतरले, पाठीला गंभीर दुखापत होऊनही वाचले. इथे ‘विमान कोसळले’ लिहिल्यास वाचकाला शेवट कळतो आणि घडले काय ते निसटते. ‘टर्बाइन फुटून विमानाचे शेपूट तुटले’ असे लिहावे. पुढचे कोसळणे वाचकाला आपोआप दिसते. ६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधील फार्नबरोच्या प्रात्यक्षिकात डी हॅविलंड डीएच ११० या विमानाचा आद्यनमुना वळण घेताना हवेतच फुटून विखुरला. जॉन डेरी व अँथनी रिचर्ड्स हे विमानातील दोघे आणि तुटलेले भाग गर्दीवर पडल्यामुळे २९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. आधी फुटणे, मग विखुरणे आणि शेवटी पडणे असा हा क्रम आहे, आणि तीनही क्रियापदे मराठीत तयार असताना तो एका ‘कोसळले’त गुंडाळणे मला पटत नाही.

‘ताबा सुटला’ या शब्दप्रयोगाबद्दल मात्र विशेष सावध राहावे. ‘चालकाचा ताबा सुटून गाडी दुभाजकावर आदळली’ अशा बातम्या वाचून वाचून या शब्दांना आता दोषाचा वास लागला आहे. ३० जुलै १९४३ रोजी ब्रिटनच्या पहिल्या जेट विमानाच्या, ग्लॉस्टर ई.२८/३९ च्या, दुसऱ्या आद्यनमुन्यात डग्लस डेव्ही उंच आकाशात असताना एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर वळवणारी पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, अडकून बसली आणि त्यांना सुमारे ३३,००० फुटांवरून बाहेर पडावे लागले. ‘डेव्ही यांचा ताबा सुटला’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, कारण दांडा त्यांच्या हातातच होता, फळी मात्र हलत नव्हती. ‘एलेरॉन अडकल्याने विमान हाताबाहेर गेले’ असे लिहिले की कर्ता योग्य जागी येतो.

जाता जाता, ‘चाचणीदरम्यान’बद्दलही सांगतो. दरम्यान म्हणजे दोहोंच्या मध्ये. मुंबई आणि पुण्यादरम्यान गाडी धावते. इथे ‘चाचणीच्या वेळी’ किंवा नुसते ‘चाचणीत’ पुरे आहे.

आता ‘ठार’. हा शब्द चुकीचा नाही, पण तो आघात सांगून थांबतो, आणि ज्यांची नावे आपण आदराने घेतो त्यांच्यासाठी एकवचनी ‘ठार झाला’ कानाला खटकते. ‘शहीद’ आणि ‘हुतात्मा’ या शब्दांत ध्येयासाठी दिलेल्या बलिदानाचा अर्थ आहे, आणि तो प्रत्येक चाचणी-अपघाताला लावता येणार नाही. माझ्या मते बखरींच्या मराठीतला ‘कामी येणे’ हा वाक्प्रचार इथे सर्वांत जवळचा आहे. तो रणातल्या मरणासाठी रूढ झाला, तरी त्याच्या शब्दांत शत्रूचा उल्लेख नाही, फक्त कामाचा आहे. आपल्या हवाई दलाचे सुरंजन दास यांनी १७ जून १९६१ रोजी बंगळूरला एचएफ-२४ मरुत या भारतात घडवलेल्या लढाऊ जेटचे पहिले उड्डाण केले, आणि १० जानेवारी १९७० रोजी त्याच विमानाच्या सुधारित आवृत्तीची चाचणी घेताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याविषयी मी असे लिहीन: ‘ग्रुप कॅप्टन सुरंजन दास मरुतच्या चाचणीत कामी आले.’