उखडण्याआधी धूळ तरी झटका
छोट्या रेल्वेच्या जुन्या देखाव्याविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा लेआउट, म्हणजे पाटावर मांडलेली छोटी रेल्वे, खाली उतरतो. रूळ ठीकठाक निघतात, पण भोवतीचा डोंगर, गवत, गाव काही ओळखू येत नाही. गेल्या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न याच दुखण्याचे होते. त्यातले पाच इथे घेतले आहेत. वायरिंग आणि इंजिनांचे पुढच्या वेळी.

वडिलांनी सहा बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ मापाच्या (१:८७) गाड्यांचा लेआउट केला होता. गच्चीलगतच्या खोलीत तो वर्षानुवर्षं चादर घालून पडून आहे. आता मुलाला तो चालू हवाय. देखावा सगळा करडा पडलाय. मित्र म्हणतात, सगळं खरवडून नव्याने कर. काय करू?
— एक वाचक, जिवाजीगंज, ग्वाल्हेर

मित्रांना चहा पाजा, पण पटाशी त्यांच्या हाती देऊ नका.

करडेपणा म्हणजे बव्हंशी धूळ. आपल्या ग्वाल्हेरात मे महिन्याची आंधी बंद खिडकीतूनसुद्धा पिठासारखी माती आत आणते, तिथे चादरीची काय कथा! त्या मातीखाली रंग शिल्लक आहे की नाही, हे झटकल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून एका कोपऱ्यातली वीतभर जागा निवडा आणि आधी तेवढीच साफ करा. मग उरलेल्या पाटाचा निर्णय घ्या.

सुरुवातीला सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. सुटी होणारी घरं, माणसं, मोटारी उचलून डब्यात भरा. चिकटलेली ओढू नका. पहिली सफाई कोरडीच करायची. पाण्याचा हात लावलात की धुळीचा चिखल होतो, आणि तो लाकडाच्या भुशाच्या गवतात एकदा बसला की निघत नाही. एका हातात मऊ, रुंद ब्रश आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप घ्या. पाइपच्या तोंडावर नायलॉनचा पातळ मोजा रबरबँडने ताणून बसवा. ब्रशने धूळ उठवायची आणि चार बोटं वर धरलेल्या पाइपने ती ओढायची. सिग्नलचा हात, झाडाची फांदी, फलाटावरची पेटी असं जे निखळेल ते मोज्यावर अडकून राहतं, हरवत नाही. आधी डोंगराचा माथा, मग उतार, मग जमीन आणि रूळ शेवटी. हवा मारणारा ब्लोअर मात्र वापरू नका, सगळी धूळ सांध्यांच्या, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या जागांच्या, यंत्रणेत जाऊन बसते.

धूळ गेल्यावर तीन गोष्टी तपासा. स्पंजची झुडपं बोटांत दाबून पाहा. भुगा झाला तर ती संपली, काढून टाका. तो फोम म्हातारा झाला की त्याला इलाज नसतो. लाकडाच्या भुशाचं गवत सहसा टिकतं, फक्त उडालेलं असतं. तिसरं म्हणजे प्लास्टरवर नखाने टकटक करा. जिथे पोकळ वाजेल तिथे ते पाटापासून सुटलंय. बारीक भोक पाडून सिरिंजने पातळ फेव्हिकॉल आत सोडा आणि वर वजन ठेवा. प्लायच्या जोडावर लांबच लांब चीर असेल तर ती नुसत्या प्लास्टरने बुजवू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, चीर पुन्हा येणारच. तिच्यावर मलमपट्टीच्या जाळीची पट्टी फेव्हिकॉलने चिकटवा आणि मग रंग द्या.

त्या खोलीत कूलर असेल तर तो तरी हलवा, नाहीतर लेआउट तरी. कूलरची ओल प्लायलाही सोसत नाही आणि रुळांच्या जोडपट्ट्यांनाही.

ग्वाल्हेरची सगळ्यात प्रसिद्ध छोटी रेल्वे, म्हणजे जयविलास महालात जेवणाच्या मेजावर ब्रँडी आणि सिगार फिरवणारी चांदीची गाडी, तिला देखावाच नाही. पॉलिश केलं की झालं. आपल्याला मात्र झटकावं लागतं.

मी ग्वाल्हेर–श्योपूर नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, करतोय. जुन्या लेआउटवरचं हिरवं गवत निळसर-पिवळट झालंय. त्यावर नवीन हिरवा थर द्यावा की काढून टाकावं? विकत मिळणाऱ्या पाकिटांपैकी कोणता हिरवा घेऊ?
— एक वाचक, मुरार

कोणताच नको.

तुमच्या लेआउटचं गवत उडालं म्हणून तो विसंगत दिसतोय असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तो पहिल्या दिवसापासूनच विसंगत असणार. बाहेरून येणाऱ्या पाकिटांमधला हिरवा हा तिकडच्या बारमाही ओल्या कुरणांचा हिरवा. आपल्याकडे जौरा, कैलारस, सबलगढच्या बाजूला असा हिरवा पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस दिसतो. एरवी जमीन खाकी, बांध पिवळट आणि बाभळी धुळकट. हिवाळ्यात मोहरी फुलते तेव्हा शेतं पिवळी होतात. म्हणून आधी महिना ठरवा, रंग आपोआप ठरेल. ६१० मिलिमीटरची ही लाइन २०२० मध्ये बंद पडली, पण अगदी अलीकडेपर्यंत चालत असल्याने तिचे रंगीत फोटो भरपूर आहेत. त्यात गाडी नंतर बघा, आधी रुळांमधली जमीन बघा.

जुनं गवत काढू नका. प्रकाशाने त्यातला रंग गेलाय, भुसा शाबूत आहे. त्याला अस्तर समजा. रूळ मास्किंग टेपने झाका. गेरू-पिवळा अ‍ॅक्रिलिक रंग आठ-दहा पट पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि फवाऱ्याने तुषार सोडा. वाळू द्या, मग दुसरा हात द्या, कुठे थोडा तपकिरी, कुठे काहीच नाही. पोस्टर कलर स्वस्त पडतो म्हणून वापराल, तर पुढे गोंदाचं पाणी शिंपडल्यावर तो विरघळून वाहील.

त्यावर खरी माती घाला. ही पायरी बरेच जण गाळतात आणि नंतर रंगांच्या बाटल्या जमवत बसतात. मोतीझीलच्या बाजूची असो की तुमच्या अंगणातली, आधी ती चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून चाळा. लोखंडी कढईत मंद आचेवर चांगली भाजा. ओल जाते आणि किड्यांची अंडीही जातात. गार झाली की वर्तमानपत्रावर पातळ पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून सावकाश फिरवा. पिशवीला काळी मिशी फुटेल. ते लोहकण आहेत. इंजिनाच्या मोटरमध्येही चुंबक असतं, आणि हे कण मातीत राहिले तर एक दिवस तिथेच जाऊन बसतात. काळं येणं थांबेपर्यंत फिरवत राहा.

अशी माती गवतावर चिमटीने भुरभुरायची. जिथे बैलगाडी जात असेल तिथे जास्त, कुंपणाशी कमी. आधी साबणाच्या पाण्याचा तुषार द्या, मग अर्धा फेव्हिकॉल अर्धं पाणी ड्रॉपरने सोडा. वाळल्यावर माती एक छटा गडद दिसते, त्यामुळे हवी त्यापेक्षा फिकट निवडा.

शेवटी उभं गवत, पण हात आखडता ठेवा. नायलॉनचे दोन आणि चार मिलिमीटरचे तंतू, तेही वाळक्या गवताच्या रंगाचे, ठिपक्याठिपक्यांनी लावा. स्थिर विजेच्या यंत्राची एक वायर ओल्या गोंदात टोचलेल्या खिळ्याला जोडायची, यंत्राची जाळी वरून हलवायची, की तंतू उभे राहून गोंदात रुततात. पावसाळी दमट हवेत तंतूंचे पुंजके होतात. हे काम दसऱ्यानंतर काढा.

तुमच्या फोटोत मागे एक गोल, हिरवी टेकडी दिसते. तिला सुरीने उभ्या चिरा द्या, कडा तुटू द्या आणि उतार उघडे ठेवा. चंबळच्या बीहडात, त्या घळींच्या मुलखात, गोल टेकडी शोभत नाही.

माझ्याकडे एन स्केलचा (एचओपेक्षा लहान मापाचा) जुना लेआउट आहे, नातेवाइकांनी जर्मनीहून आणलेला. पाइनची झाडं, दोन बोगदे, लाकडी घरं. रूळ न उखडता त्याची डभोईची जुनी नॅरोगेज लाइन करता येईल का?
— एक वाचक, वडोदरा

येईल, आणि हिशेब तुमच्या बाजूने आहे. एन स्केलच्या दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. डभोईची जुनी लाइन अडीच फुटी होती, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, ती पावणेनऊ मिलिमीटरला येते. तेव्हा रूळ तेच ठेवायचे, डबे-इंजिनं आणि घरं मात्र एचओ मापाची घ्यायची.

अडचण बोगद्यांची. एनच्या बोगद्यातून एचओ मापाचा डबा जाणार नाही, छत घासेल. पण डभोईच्या सपाट मुलखात बोगदे हवेतच कशाला? डोंगर निःशंकपणे काढा. या एका ठिकाणी मी उखडायला सांगतोय. लोखंडी पूल आणि फलाटाच्या कडाही एकदा लांबात लांब डबा फिरवून तपासा, विशेषतः वळणावर.

दुसरी खोट म्हणजे एनचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात. ते दिसूच देऊ नका. नॅरोगेजच्या रुळांत माती आणि गवत भरलेलं असणं साहजिकच आहे. वर सांगितलेली माती स्लीपर झाकतील इतकी भरा, फक्त रुळाच्या आतल्या कडेला चाकाची कड जाईल एवढी फट ठेवा आणि सांध्यांची हलती पाती मोकळी सोडा. जुनी खडी काढायची असेल तर कोमट पाणी आणि साबणाचा थेंब टाकून अर्धा तास थांबा. फेव्हिकॉलसारख्या गोंदाने बसवलेली असेल तर चमच्याने निघेल.

पाइनची झाडं कोणाला तरी देऊन टाका. त्यांच्या जागी कडुनिंब, आंबा आणि कपाशीचं शेत करा. आणि हौस असेल तर खंडेराव गायकवाडांच्या काळात जा. १८६२ मध्ये डभोई–मियागाम लाइन सुरू झाली तेव्हा गाडी बैल ओढत. एचओ मापात गुरांचे संच मिळतात, पण ती गुरं युरोपातली, पाठीने सपाट. पुट्टीचा मोहरीएवढा गोळा खांद्यावर बसवून वशिंड करा, शिंगं बारीक तारेची लावा. इंजिनाचा खर्च वाचला!

इंदूरजवळच्या पाताळपाणीचा धबधबा थर्माकोलमध्ये कोरला होता. स्प्रे पेंट मारल्यावर कड्याला खड्डे पडले. ग्लू गनने केलेलं पाणीही आता पिवळं पडलंय. डोहात ओतलेलं रेझिन तसंच.
— एक वाचक, इंदूर

स्प्रेमधला द्रावक थर्माकोल खातो. डब्यातला स्प्रे, पेट्रोलच्या वासाचे गोंद, थिनर यांतलं काही त्याच्या जवळ आणू नका. फेव्हिकॉल आणि पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग चालतात. पडलेले खड्डे मात्र राहू द्या. माळव्याच्या पठाराची ती कड बेसाल्टची आहे, कोरीव कड्यापेक्षा खाल्लेला कडा तिथे जास्त खरा वाटेल. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या जाळीच्या पट्ट्या चढवा. प्लास्टरमध्ये चमचाभर व्हिनेगर घातलं की ते जरा उशिरा आवळतं, आणि काळसर-तपकिरी भुकटी रंग आधीच मिसळला की पुढे कपचा उडाला तरी पांढरं दिसत नाही. सुकल्यावर अगदी पातळ काळा रंग वरून ओघळू द्या, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट राखी फिरवा.

खरा धबधबा सुमारे ३०० फुटांचा आहे. १:८७ मध्ये तो मीटरभराच्या वर जातो. तुमचा दीड फुटाचा आहे तेवढाच ठेवा आणि माथ्यावरची झाडं पायथ्याच्या झाडांपेक्षा लहान करा, उंची भासेल.

ग्लू गनचं पाणी खरवडून काढा. बटर पेपरवर पारदर्शक सिलिकॉनच्या उभ्या रेघा ओढा, टूथपिकने विंचरा, दिवसभर वाळू द्या, सोलून कड्यावर चिकटवा आणि कडांना पांढऱ्याचा हलका हात द्या. डोहाचं रेझिन वरूनच मंद झालं असेल तर १०००, मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासून चकचकीत वार्निश द्या. आतूनच पिवळं असेल तर घासून उपयोग नाही. पातळ मातकट रंगाचा थर द्या आणि पावसाळा आहे म्हणा. ऐन पावसात पाताळपाणीचं पाणी तरी कुठे नितळ असतं!

पुठ्ठ्याच्या घरांना कसर लागलीय. डब्यात डांबराच्या गोळ्या ठेवू का?
— एक वाचक, दौलतगंज, ग्वाल्हेर

अजिबात नको. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेने थर्माकोल आणि प्लास्टिकचे डबे-इंजिनं मऊ पडून बिघडतात. कसरीला हवी असते खळ, म्हणून दुरुस्तीला पिठाची खळ न वापरता फेव्हिकॉल वापरा. घरांना आतून-बाहेरून मॅट वार्निशचा एक हात द्या, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि तो दर पावसाळ्यानंतर बदला. पाटाखाली मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर मात्र ती वाळवी आहे. तेव्हा लेआउट भिंतीपासून लगेच दूर करा आणि आधी भिंतीचा बंदोबस्त करा.