बँड काढतो म्हणतोस, तर आयक

बाबू, गिटार स्वस्तातली आहे म्हणून अडून बसू नको. न्यूयॉर्कचा सोनिक यूथ हा रॉक बँड १९८१मध्ये उभा राहिला तो तसल्याच गिटारींवर. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा सुरात लावायच्या ठरल्या पद्धतीत, त्या बऱ्या वाजेनात, तर त्यांनी ट्यूनिंगच बदललं, तारांखाली स्क्रूड्रायव्हर खुपसले. तोच त्यांचा आवाज ठरला. झेंगट एवढंच की गाण्यागणिक वेगळी गिटार लागायची. १९९९मध्ये सामानाचा ट्रकच चोरीला गेला आन् जुनी गाणी वाजवायची पंचाईत! तू आपलं ट्यूनिंग तारांच्या जाडीसकट वहीत लिहून ठेवजो.

मोठ्या कंपनीकडून त्यांचा पहिला अल्बम आला १९९०ला. तोवर छोटी लेबलं म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्या, आन् छोटे हॉल. म्हणून घरची वावरं सोडू नको.

प्रॅक्टिसले कापसाच्या जिनिंगचं गोडाऊन माग, हंगाम सरला की रिकामंच असते. टिनाखाली ड्रमचा नुसता गोंगाट होतो. मागं गोधड्या, बारदाना टांग. अर्थिंग आधी पाह्य, नाहीतर अॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) घुंघुं करतो आन् माइकले ओठ लागला की झटका.

गणपतीच्या मांडवात हे असलं संगीत वाजवू नको, लोक हाकलतील. त्यापेक्षा झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, जा. दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडश्याहून नाटक कंपन्या निघतात, तिकीट काढून लोक रात्रभर बसतात. तिथल्या साउंडवाल्याशी दोस्ती कर. मिक्सरले मात्र विचारल्याशिवाय हात लावू नको, लय बोलतो तो.